जुनेर कुणाचं, गोधडी कुणाला

दिवाळी उलटून थंडी अंगात शिरायला लागली की गोधड्यांची आवाहनं फिरू लागतात. ऊसतोडीच्या कोप्यांवरची, म्हणजे फडाशेजारच्या झोपड्यांतली लेकरं, मेळघाटातल्या बाळंतिणी, शहरात पुलाखाली पडणारी कुटुंबं. अलीकडे या आवाहनांच्या तळाशी एक ओळ ठरलेली असते: जुन्या साड्या घेतल्या जाणार नाहीत. गोधडी म्हणजेच जुनेर, नेसून विरलेलं लुगडं, असं ज्यांना लहानपणापासून ठाऊक आहे त्यांना ही ओळ टोचते. शिवणाऱ्या बायकांच्या गटांत यावरून दरवर्षी वाद होतो, आणि दोन्ही बाजूंच्या बाया मनापासून बोलत असतात. हा नियम एका रात्रीत आलेला नाही.

आधी थोडं शब्दांबद्दल, कारण आवाहनांत सगळ्यालाच गोधडी म्हटलं जातं. कापूस भरलेली ती दुलई किंवा रजई. तिला पिंजारी लागतो. कापडावर कापड अंथरून धावदोऱ्याने शिवलेली ती गोधडी. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे तिलाच वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळाला गुंडाळायचं ते दुपटं. तिन्हींचं वजन वेगळं, कापड वेगळं आणि देण्याची रीतही वेगळी. अर्धा वाद तर एकीच्या डोळ्यांसमोर दुपटं आणि दुसरीच्या डोळ्यांसमोर वाकळ असते म्हणून होतो.

जुन्या घरात लुगड्याचा प्रवास ठरलेला असे. नेसून नेसून ते मधोमध विरलं की तेवढा भाग काढून दोन्ही टोकं जोडायची, म्हणजे दंड घालायचा. दंडाचंही फाटलं की ते जुनेर होऊन वाकळेत जाई. सगळ्यात विरलेलं आतल्या थराला, त्यातल्या त्यात धड असलेलं वरच्या बाजूला. कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन घालत टाका मध्यापर्यंत न्यायचा. घरकाम सांभाळून एका बाईला मोठ्या वाकळेला आठ-पंधरा दिवस सहज लागतात. ती वाकळही झिजली की नव्या वाकळेच्या पोटात जाते आणि शेवटी जे उरतं त्याचं पोतेरं होतं.

फार मागे गेलं तर चिंध्या जोडून पांघरण्याला आपल्याकडे विरक्तीचा मान होता. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात जीर्ण कंथा आहे, नाथपंथी जोग्याच्या खांद्यावरही कंथाच. बौद्ध भिक्खू उकिरड्यावरून, स्मशानातून टाकलेलं कापड उचलून त्याचं चीवर शिवत. वऱ्हाडातला तो खराटेवाला कीर्तनकार चिंध्यांच्या गोधडीवरूनच ओळखला जाई, आणि त्याच्या दहा कलमांत उघड्यानागड्यांना वस्त्र हे एक कलम होतं. चिंध्या त्याने स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि दुसऱ्याला वस्त्र द्या म्हणून सांगितलं. हा फरक पुढच्या वादाच्या मुळाशी आहे.

घरातलं देणंघेणं याहून साधं होतं. बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची आणि दुपटी येत. दुपटं आजीच्या मऊ पडलेल्या लुगड्याचं. बाळाच्या अंगाला पहिलं कापड कोरं लावायचं नाही, कुणाच्या तरी धडधाकट लेकराचं वापरलेलं लावायचं, ही रीत अनेक घरांत अजून आहे. शेजारणीनेही दुपटं शिवून द्यावं, जावेने द्यावं. याला कुणी दान म्हणत नसे. देणारी आणि घेणारी एकाच पंक्तीत जेवणाऱ्या असत, म्हणून वापरलेल्या कापडात कमीपणा नव्हता.

पंक्ती वेगळी झाली की तेच कापड वेगळं होई. बलुत्याच्या व्यवस्थेत महारांच्या ‘हक्कां’मध्ये मढ्यावरचं कापड येत असे. भिक्खूने स्मशानातलं कापड उचललं तर ते व्रत. इथे ते जन्माने पदरी पडलेलं होतं आणि नाकारण्याची सोय नव्हती. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला उष्टं-शिळं आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडण्याचं आवाहन झालं. त्याच वर्षी डिसेंबरात, तिथेच, बायकांशी लुगडं कसं नेसावं, अंगावर काय घालावं आणि काय घालू नये यावर थेट बोलणं झालं. जे दुसऱ्याने उतरवलं ते आपण चढवायचं नाही, हे त्या काळात ज्या घरांनी ठरवलं त्या घरांत आजही जुन्या साडीची गोधडी बाहेरून आली तर दारातच थांबते. आपण इतक्या प्रेमाने शिवलं आणि यांना नको, असं शिवणाऱ्या बाईला वाटतं. तिला हा मागचा धागा कुणी सांगितलेलाच नसतो.

दरम्यान कापडच बदललं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि बऱ्याच गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. त्याच सुमारास स्वस्त, न चुरगळणारी, पटकन वाळणारी सिंथेटिक साडी खेडोपाडी पोचली. कष्टाच्या बाईला ती सोयीचीच होती, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण तिचं जुनेर होत नाही. ती मऊ पडत नाही, टाका धरत नाही, थर एकमेकांवरून सरकतात. घाम टिपत नाही. चुलीची ठिणगी पडली तर सुती वाकळ धुमसते, ही वितळून अंगाला चिकटते. कोपीत चूल आणि अंथरूण यांत हातभर अंतर असतं, तिथे ही गोष्ट किरकोळ नाही. आज शहरातल्या कपाटांतून जुन्या म्हणून ज्या साड्या निघतात त्यांतल्या बहुतेक अशाच असतात.

मग आपत्ती आल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा जाडजूड दगडमातीच्या भिंतींखाली माणसं झोपेतच गेली. वाचलेली कित्येक कुटुंबं पुढचा हिवाळा पत्र्याच्या शेडमध्ये आणि तंबूत होती. अंथरूण-पांघरूण ही तेव्हा धान्याइतकीच निकडीची गरज होती. पण एका गावच्या बाईने दुसऱ्या गावच्या बाईसाठी वाकळ शिवायची, एवढा वेळ आपत्ती देत नाही. म्हणून ट्रक भरून कपडे पाठवायचे हीच मदतीची रीत रुळत गेली. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले, कारण ते घालण्याजोगे नव्हते किंवा तिथली माणसं तसले कपडे घालतच नव्हती. दिल्लीच्या एका संस्थेने अशाच टाकाऊ कपड्यांपासून सुजनी, म्हणजे तिकडची गोधडी, शिवायला घेतली आणि शिवणाऱ्या बायकांना त्याचा मोबदला दिला. जुनं कापड हा कच्चा माल आहे, मदत नव्हे, ही समज तिथून आपल्याकडेही झिरपली.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरने हेच जवळून पाहिलं. पाणी ओसरल्यावर घरोघरच्या गाद्या आणि वाकळा रस्त्यावर आल्या. भिजलेली वाकळ दोन माणसांना उचलत नाही, गाळ टाक्याटाक्यांत बसतो, वास जात नाही. पिढ्यानपिढ्यांची जुनेरं अशी एका आठवड्यात कचऱ्यात गेली. आणि बाहेरून येणाऱ्या मदतीत काय होतं? फाटके शर्ट, डाग पडलेल्या साड्या. ‘जुने कपडे पाठवू नका’ हे आवाहन तेव्हा घरोघर पोचलं, आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं तेव्हा ते पहिल्याच दिवसापासून ऐकू येत होतं. गोधड्या गोळा करणाऱ्या गटांनी तीच ओळ उचलली. नियमाचं मूळ हे आहे.

आता वादाचं. नव्या कापडाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की कुणाचं उतरलेलं कुणाला देऊ नये. घेणाऱ्याला विचारायची सोय नसते आणि स्वच्छतेची खात्री देता येत नाही. जुन्याच्या बाजूच्या बाया म्हणतात की कोऱ्या कापडाची गोधडी पहिली दोन वर्षं खरखरते आणि बाळाच्या कातडीला मऊ कापडच लागतं. शिवाय नवं सुती कापड विकत घेऊन शिवायचं तर एका गोधडीचा खर्च इतका होतो की वर्गणीतून दहाच्या जागी तीनच निघतात. माझं मत सरळ सांगते. मोठ्यांच्या वाकळेसाठी नव्या कापडाचा आग्रह योग्य आहे, भले संख्या कमी होवो. तो आग्रह केवळ स्वच्छतेचा नाही, त्यात शंभर वर्षांचा हिशेब आहे. पण तोच नियम दुपट्याला जसाच्या तसा लावला, ही चूक झाली. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड उकळून, कडक उन्हात वाळवून घेतलं तर तान्ह्यासाठी त्यासारखं दुसरं नाही. सरसकट बंदीमुळे अशी कित्येक चांगली सुती जुनेरं बोहारणीकडे गेली.

दुपट्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरली जाते. बाळाला ऊब देणं हा मायेइतकाच आरोग्याचाही विषय आहे, आणि तो महाराष्ट्रातच नीट मोजला गेला. गडचिरोलीतल्या ३९ गावांत नव्वदच्या दशकात गावच्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं गेलं. वजन, ताप, श्वास, स्तनपान यांच्यासोबत बाळ गार पडू न देणं हा त्यातला मोठा भाग होता, आणि त्यासाठी उबदार पिशवी वापरली जाई. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. हे यश एकट्या उबेचं नव्हे, पण ऊब त्याचा एक भाग होती. २०११ पासून ही पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यायचं, टोपडं घालायचं, तोंड मोकळं ठेवायचं, हे त्यात शिकवतात. म्हणून तान्ह्यासाठी जड, चार पदरी गोधडी पाठवणं धोक्याचं आहे. तोंडावर सरकली तर बाळाला ती बाजूला करता येत नाही. दोन पदरी, हलकं, रोज धुता येईल आणि संध्याकाळपर्यंत वाळेल असं दुपटं हवं. मेळघाटच्या पावसाळ्यात चार पदर वाळतच नाहीत.

ऊसतोडीचं गणित वेगळं आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि पाच-सहा महिने फडाशेजारी कोप्यांत राहतात. तोड पहाटेच्या काळोखात सुरू होते. आई-बाप फडात, आणि लेकरं पाचटावर अंथरलेल्या वाकळेत. तिथे पांघरूण जड असलेलंच बरं. दव पडतं, जमीन ओली असते, आणि एका वाकळेखाली तीन पोरं झोपतात. या वाकळा एका हंगामात काजळीने काळ्या होतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोर म्हणून, झोळी म्हणून, सावली म्हणून वापरल्या जातात. शहरातून येणाऱ्या रंगीत तुकड्यांच्या नक्षीदार गोधड्या पेटीत जपून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत, मुलीच्या लग्नात द्यायला. देणाऱ्यांना ते ऐकून वाईट वाटतं. मला वाटत नाही.

शिवण्याच्या मजुरीचा प्रश्नही इथेच येतो. उन्हाळ्यात गल्लोगल्ली वाकळा शिवून देणाऱ्या बाया पूर्वीपासून आहेत, आणि त्यांना पैसे देऊन शिवून घेतलेली गोधडी ‘हाताने शिवलेली’ धरायची की नाही यावरही काही गटांत कुजबुज होते. स्वतः टाका घातला तरच पुण्य, असा काहींचा भाव असतो. ज्या बाईचं पोट टाक्यावर आहे तिच्या हाताला काम मिळणं आणि त्या गोधडीखाली दुसऱ्या बाईचं लेकरू झोपणं, यात कमी काय आहे ते मला कळलेलं नाही.

गेल्या दोन हंगामांत आम्ही काही जणींनी तयार गोधड्या न्यायचं थांबवलं. आतल्या थरांसाठी कोरं मांजरपाट, जाड दोरा आणि सुया घेऊन जातो. वरचं कापड ज्या त्या घरातलं. पहिल्या दिवशी कुणी काही काढत नाही. दुसऱ्या दिवशी एखादी पत्र्याच्या पेटीच्या तळातून हिरवं, काठाला विरलेलं लुगडं काढते. आईचं, बहुधा. मांजरपाट आत जातं, लुगडं वर येतं, आणि चार जणी चार कोपरे धरून बसतात.