फेरो बेटांनी 1946 मध्ये ‘स्पष्ट कौल’ दिला होता का?

‘फेरोच्या जनतेने स्पष्ट कौल दिला आणि डेन्मार्कच्या राजाने तो पायदळी तुडवला’ ही गोष्ट उत्तर अटलांटिकमधल्या या डॅनिश बेटांबद्दल वर्षानुवर्षे फिरते आहे. अर्धीच खरी.

14 सप्टेंबर 1946 च्या सार्वमतात पर्याय दोनच होते: डॅनिश सरकारचा मर्यादित स्वायत्ततेचा प्रस्ताव किंवा डेन्मार्कपासून विभक्त होणे. विभक्त होण्याच्या बाजूने 5,660 मते, प्रस्तावाच्या बाजूने 5,499. फरक अवघा 161! बाद मते मात्र 481, म्हणजे फरकाच्या जवळजवळ तिप्पट. घोळ इथेच आहे. वैध मतांत हिशेब केला तर विभक्तवादी 50.7 टक्के, बाद मते धरली तर 48.6. दोन्ही बाजू आपापला भाजक उचलतात.

लॉगटिंगमधल्या, म्हणजे तिथल्या विधिमंडळातल्या, निसटत्या बहुमताने याच कौलावर स्वातंत्र्याची घोषणा केली. राजा दहाव्या क्रिस्टियनने लॉगटिंग बरखास्त केले, हे खरेच. पण गोष्ट सांगणारे इथेच थांबतात. 8 नोव्हेंबरला नवी निवडणूक झाली आणि तीत डेन्मार्कसोबत राहू इच्छिणारे पक्ष बहुमतात आले. त्यानंतरच्या वाटाघाटींतून 1 एप्रिल 1948 पासून स्वशासन कायदा लागू झाला. बेटे आजही डॅनिश राज्यातच आहेत.