टेन्शनमध्ये ब्लोहोल सापडत नाही

‘टेन्शन दिल्याशिवाय माणूस काम करत नाही’ हे वाक्य कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कुठल्याही केबिनमध्ये बसा, कानावर येतंच. मार्च एंडला तर हमखास. बोलणाऱ्याचा अनुभव खोटाही नसतो. डिस्पॅचची गाडी दारात लागली की फेटलिंगवरची, म्हणजे ओतीव भाग (कास्टिंग) घासून साफ करणारी, पोरं खरोखरच भराभर हात चालवतात. घोळ होतो तो हाच नियम सगळ्या कामांना लावला की.

1908 साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांना पांढरी आणि काळी पेटी ओळखायला शिकवलं. चुकीच्या पेटीत शिरला की विजेचा झटका. फरक सहज दिसत होता तेव्हा झटका जितका जोराचा, तितका उंदीर लवकर शिकला. उजेड बदलून तोच फरक ओळखणं अवघड केलं, तर जोराच्या झटक्यांनी शिकणं उलट रखडलं. मध्यम झटक्यांनी लवकर जमलं. मॅनेजमेंटच्या वर्गात या प्रयोगाच्या नावाने ‘ताणाबरोबर काम आधी वाढतं, मग घसरतं’ असा डोंगरासारखा एकच आलेख दाखवतात आणि ‘काम सोपं की अवघड’ हा मुद्दा गाळून टाकतात. खरी गंमत तिथेच आहे.

फाउंड्रीतलं, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्यातलं, अवघड काम कोणतं? मशीनिंगला गेलेल्या कास्टिंगवर टूल फिरतं आणि वरच्या थराखाली लपलेलं ब्लोहोल, म्हणजे अडकलेल्या गॅसने पडलेलं भोक, उघडं पडतं. कारण काय? वाळूत ओलावा जास्त? कोअर, म्हणजे साच्याच्या आतला वाळूचा गाभा, कच्चा राहिला? गॅसला बाहेर पडायला वाट कमी? की धातू ओतेपर्यंत थंड झाला? ही सगळी कारणं एकाच वेळी डोक्यात धरायची, शिफ्टच्या नोंदींशी ताडायची आणि एकेक बाद करायचं. हे काम मेंदूच्या कपाळामागच्या भागाचं, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं.

इथल्या पेशींची एक खोड आहे. समोरची गोष्ट नजरेआड झाली तरी तिची आठवण धरून ठेवायला त्या एकमेकींना सतत संदेश देत राहतात. ही साखळी टिकते की तुटते, ते बरंचसं नॉरअॅड्रेनलिन या रसायनावर ठरतं. येल विद्यापीठातल्या अॅमी आर्न्स्टन यांनी यावर आयुष्य घालवलंय. नॉरअॅड्रेनलिन बेताचं असेल तर ते पेशीवरच्या अल्फा-2ए नावाच्या रिसेप्टरांना, म्हणजे रसायनाचा निरोप टिपणाऱ्या रेणूंना, चिकटतं. त्यामुळे पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू कमी बनतो, एचसीएन नावाच्या आयनवाहिन्या (पेशीच्या आवरणातली दारं) मिटतात आणि संदेश गळून न जाता पुढे पोहोचतो. ताण वाढला की नॉरअॅड्रेनलिनचा पूर येतो. मग ते अल्फा-1 या दुसऱ्या रिसेप्टरांनाही चिकटतं, त्यांना जागं करायला मात्रा जास्तच लागते. आता पेशीतलं कॅल्शियम वाढतं, पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात आणि साखळी विस्कटते. रसायन तेच, मात्रा बदलली आणि परिणाम उलटा!

मग कारभार जातो मेंदूच्या खोलवरच्या, सवयी सांभाळणाऱ्या भागाकडे. म्हणून गिऱ्हाईकाचा फोन येऊन गेलेला सुपरवायझर तपास न करताच म्हणतो, “वाळूत पाणी जास्त झालंय.” मागच्या वेळी तेच निघालं होतं ना!

फोन ठेवला म्हणून प्रकरण संपत नाही. अॅड्रेनलिन काही सेकंदांत उसळतं, पण रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक शिखरावर पोहोचायला साधारण वीस-तीस मिनिटं लागतात. रिजेक्शनची, म्हणजे नापास मालाची, मीटिंग नेमकी त्याच अर्ध्या तासात भरते. ती थोडी पुढे ढकला आणि संभाव्य कारणांची यादी भिंतीवर लावा. डोक्याने धरायचं ओझं तेवढंच कमी.

हल्ली ‘कॉर्टिसॉल साफ करणाऱ्या’ पावडरी विकायला आल्यात. रोज सकाळी उठल्यावर कॉर्टिसॉल वाढतं ते रोग म्हणून नव्हे, आणि ते शरीरात बनेनासं झालं तर जिवावर बेततं. पुष्कराजाची अंगठी आणि केबिनची ईशान्य दिशा यांबद्दल एवढंच सांगतो की नॉरअॅड्रेनलिनला दिशा कळत नाहीत. त्यापेक्षा श्वास सावकाश सोडणं फुकट आणि खरं. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस मज्जातंतूचा लगाम हृदयावर घट्ट होतो आणि ठोके मंदावतात. मिनिटाला सहाएक श्वास पुरे. हातात वितळलेल्या धातूचं लॅडल असताना मात्र हे प्रयोग नकोत.

‘टेन्शन साहेबाला, हाताखालच्याला कसलं?’ हाही एक लाडका समज. ब्रिटिश सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासांत खालच्या पदांवरच्यांना हृदयविकार जास्त आढळला. आपल्या कामावर आपला ताबा नसणं, हे त्यामागच्या कारणांपैकी एक निघालं. मूठभर वाळू दाबून ओलावा ओळखणारा मोल्डर, म्हणजे साचे बनवणारा कारागीर, आपल्याकडे आहे. “ही चालणार नाही” म्हणून लाइन थांबवायचा अधिकार त्याला नसेल, तर तो सुपरवायझरला विचारतो, सुपरवायझर साहेबांना, आणि तोवर मोल्ड ओतून झालेले असतात.