पॅशन फ्रूटच्या रसाने खरोखर झोप लागते का?

पॅशन फ्रूटचा रस प्यायल्याने मन शांत होऊन गाढ झोप लागते, हा समज ब्राझीलमध्ये खोलवर रुजलेला आहे आणि आता तो इतरत्रही सांगितला जातो. मात्र त्यात दोन वेगळ्या वेलींची गल्लत झालेली आहे. सौम्य अस्वस्थतेवर आणि निद्रानाशावर परंपरेने वापरली जाते ती पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा, आणि तिचेही फळ नव्हे, तर वाळवलेली पाने, देठ व फुले. युरोपीय औषध संस्थेने तिचा हा उपयोग मान्य केला आहे तोही दीर्घकालीन वापराच्या आधारावर, ठोस चाचण्यांच्या नव्हे.

आपण खातो ते फळ पॅसिफ्लोरा एड्युलिसचे. टणक साल कापली की आत पिवळसर रसाच्या इवल्या पिशव्या दिसतात आणि प्रत्येकीत एक काळी, कुरकुरीत बी असते. ही बी गाळून टाकू नये, कारण १०० ग्रॅम गरात सुमारे १० ग्रॅम तंतू असतात आणि त्यांचा मोठा वाटा तिच्यातच असतो.

या गैरसमजाचा खरा धोका, झोपेसाठी म्हणून या खाण्याच्या फळाच्या, म्हणजे एड्युलिसच्या, वेलीची पाने उकळून पिण्यात आहे. पानांत व कच्च्या फळांत सायनाइड सोडणारी संयुगे असतात. फळ पिकताना त्यांचे प्रमाण घटते, म्हणून पूर्ण पिकलेले फळच खावे. झोपेची गोळी चालू असलेल्यांनी तर इन्कार्नाटाचा अर्कही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.