आजीची कडी आणि काकांची डॉसवाली पत्रिका

इंदूरच्या रामबागेत आमच्या ओळखीचे एक काका आहेत, पत्रिका करून देतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणाकडून तरी घेतलेला डॉसचा (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम) प्रोग्राम, काळा स्क्रीन, पिवळी अक्षरं, जन्मतारीख टाका, एंटर मारा, झालं. एक्सपीवाल्या जुन्या डब्यावर मस्त चालायचा. डबा या पावसाळ्यात गेला, मुलाने नवा लॅपटॉप आणून दिला, आणि दुकानदार म्हणाला, "अंकल, एआय वाला है, सब चलेगा." घरी येऊन फोल्डर कॉपी केलं, डबल क्लिक केलं, तर निळी पट्टी आली की हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. काकांचा मला फोन, "अरे, हे काय करून राहिलंय? शनी वक्री आहे म्हणून तर नसेल?"

म्हटलं काका, शनी मार्गी झाला तरी नाही चालणार. भानगड मोडची आहे, म्हणजे प्रोसेसर कोणत्या पद्धतीने चालतोय त्याची.

आता लोकांना वाटतं की नवीन प्रोसेसर जुनं सगळं विसरला. गंमत अशी की अजिबात विसरलेला नाही. इंटेलचा ८०८६ आला १९७८ मध्ये, साधारण २९ हजार ट्रान्झिस्टर, ५ मेगाहर्ट्झ, १६ बिटचा. आणि आजचा कोट्यवधी ट्रान्झिस्टरवाला लॅपटॉप सकाळी बटण दाबलं की आधी त्याच पणजोबांच्या १६ बिटवाल्या रियल मोडमध्ये जागा होतो, मग डोळे चोळत ३२ बिट, मग ६४ बिटमध्ये जातो. इंटेलने मे २०२३ मध्ये हे जुनं सामान काढून टाकायचा एक प्रस्ताव मांडला होता, एक्स८६एस नावाचा, पण डिसेंबर २०२४ मध्ये तो सोडूनही दिला. म्हणजे सामान माळ्यावर आहेच, पण विंडोज एकदा ६४ बिटमध्ये चढलं की माळ्याची शिडी काढून घेतलेली असते.

तर आधी शिडी काय होती ते बघू, कारण मला त्यातलाच भाग सगळ्यात आवडतो.

डॉसचा प्रोग्राम असं समजून लिहिलेला असतो की अख्खी मशीन माझ्या एकट्याची आहे. स्क्रीनवर अक्षर काढायचं तर कोणाला विचारत नाही, थेट स्क्रीनच्या मेमरीत लिहितो. आणि मध्ये कोणी त्रास देऊ नये म्हणून सीएलआय नावाची एक बाइटची आज्ञा देतो, अर्थ असा की आता कीबोर्ड, घड्याळ, कोणीच मला हाक मारायची नाही. एकट्या मशीनवर ठीक आहे हो. पण विंडोज किंवा लिनक्सवर बाकी पन्नास प्रोग्राम चालू असताना एकाने घड्याळच बंद केलं तर सगळंच गोठेल.

आमच्या घरी पणजी होती, आम्ही तिला आजीच म्हणायचो. शेवटी शेवटी तिला वाटायचं की घर अजून तीच चालवते. दुपारी म्हणायची, "कडी लाव गं, कोणाला आत सोडू नकोस." आई म्हणायची "हो, लावली", आणि फक्त आजीच्या खोलीचं दार लोटून घ्यायची. बाकी घरात दूधवाला येतोय, पाहुणे येतायत, पोहे-जिलबी चाललीय, पण आजीच्या खोलीत कोणी जात नसे, आजीपुरती कडी लागलेलीच असे. "कडी आहे ना?" विचारलं तर "आहे." आणि हे काही खोटं नव्हतं, तिच्यापुरतं खरंच होतं.

१९८५ च्या ८०३८६ मध्ये इंटेलने नेमकी ही सोय हार्डवेअरमध्ये घातली, तिचं नाव व्हर्च्युअल ८०८६ मोड. फ्लॅग रजिस्टरमधला (प्रोसेसर आपली चालू-बंदची निशाणं ठेवतो ती जागा) १७ क्रमांकाचा बिट चालू केला की प्रोसेसर तो प्रोग्राम ८०८६ च्याच पद्धतीने पण वर नजर ठेवून चालवतो. साधी बेरीज-वजाबाकी पूर्ण वेगात, कोणी मध्ये पडत नाही. पण प्रोग्राम सीएलआय म्हणाला, की प्रोसेसर ते न करता थांबतो आणि कर्नेलला बोलावतो. (कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, महूच्या छावणीतला कर्नल वेगळा.) कर्नेल काय करतो, तर प्रोग्राम कुठे थांबला तिथली बाइट वाचतो. सोळाच्या भाषेत (म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायची पद्धत, हेक्साडेसिमल) एफए असेल तर सीएलआय. मग आपल्या वहीत लिहितो, "आजीची कडी लागलेली", प्रोग्रामला एक पाऊल पुढे सरकवतो आणि परत चालू करून देतो. खरं घड्याळ चालूच, फक्त त्या प्रोग्रामला हाक मारणं बंद. एफबी आली म्हणजे एसटीआय, सीएलआयच्या उलटी आज्ञा, वहीत "कडी उघडली", आणि तोवर साठलेल्या हाका आता आत सोडायच्या.

पुशएफ नावाची आज्ञा अजून मजेदार. त्यात प्रोग्राम स्वतःचे फ्लॅग बघायला मागतो, म्हणजे "कडी आहे ना?" कर्नेल खरे फ्लॅग देतच नाही, वहीतली नोंद मिसळून बनवलेले फ्लॅग त्याच्या स्टॅकवर (प्रोग्रामची तात्पुरत्या नोंदींची चळत) ठेवतो. आणि इंट २१ म्हणून डॉसकडे फाइल मागितली तर कर्नेल प्रोग्रामच्या मेमरीत अगदी सुरुवातीला, शून्य पत्त्यापासून असलेला २५६ नोंदींचा तक्ता बघतो, एक नोंद ४ बाइटची. इथे २१ हे सोळाच्या भाषेतलं, आपले ३३, म्हणून ३३ गुणिले ४, १३२ व्या बाइटपासून पत्ता उचलायचा, जुने फ्लॅग आणि परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवायचा आणि प्रोग्रामला तिकडे पाठवायचं. म्हणजे जे काम ८०८६ स्वतः करायचा ते कर्नेल हाताने करतोय. (इथपर्यंत डोकं गरगरलं असेल तर हा पॅरा सोडून द्या, आजी लक्षात राहिली तरी पुरे.)

स्क्रीनचंही तसंच. ८०८६ मध्ये पत्ता म्हणजे सेगमेंट (मेमरीचा तुकडा कुठे सुरू होतो) गुणिले १६ अधिक ऑफसेट (त्या तुकड्यात किती पुढे). रंगीत अक्षरांचा सेगमेंट बी ८००, आपल्या आकड्यांत ७५३६६४ वी बाइट. ८० गुणिले २५ अक्षरं, प्रत्येकी २ बाइट, एक अक्षराची आणि एक रंगाची, झाल्या ४०००. मेमरीचं एक पान ४०९६ बाइटचं, म्हणजे अख्खा स्क्रीन एका पानात मावतो! कर्नेलने ते एक पान गुपचूप दुसरीकडे वळवलं की प्रोग्रामला वाटतं स्क्रीनवर लिहिलं, आणि प्रत्यक्षात ते एका खिडकीत दिसतं. १९९० चं विंडोज ३.० एकाच वेळी अनेक डॉस खिडक्या दाखवायचं ते याच जोरावर, आणि काकांचा एक्सपीसुद्धा. लिनक्समध्ये यासाठी व्हीएम८६ नावाचा सिस्टिम कॉल (कर्नेलकडून काम करून घ्यायची सोय) होता, लिनक्सवर डॉसचे प्रोग्राम चालवणारा डॉसएमू तोच वापरायचा. पण जुन्या प्रोग्रामला शून्य पत्ता हवाच आणि सिक्युरिटीवाल्यांना तो रिकामाच हवा, अशी भांडणं निघत गेली, आणि २०१५ पासून लिनक्समध्ये हा पर्याय मुळातच बंद असतो, हवा तर आपण चालू करायचा.

मग एएमडीने २००३ मध्ये ६४ बिटचे प्रोसेसर आणले, आणि त्यांच्या लाँग मोडमध्ये, म्हणजे ६४ बिटवाल्या मोडमध्ये, हा व्हर्च्युअल ८०८६ मोड ठेवलाच नाही. ३२ बिटचे प्रोग्राम चालतात, कर्नेलने मनावर घेतलं तर काही १६ बिटचेही, पण डॉसवाली आजीची खोली गेली. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती होती तोवर सोय होती, ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं. म्हणजे "६४ म्हणजे दुप्पट ताकद, सगळं चालणार" हे दुकानातलं गणित इथे उलटं पडतं. आणि एआयचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही.

उपाय म्हणून काकांना डॉसबॉक्स टाकून दिलं, कॉलेजात ज्यांनी निळा टर्बो सी विंडोज ७ वर चालवलाय त्यांना हे नाव पाठ असेल. यात प्रोसेसरची मदतच घेत नाहीत, सॉफ्टवेअर एकेक आज्ञा वाचून आपणच ८०८६ असल्याचं नाटक करतं. हळू पडतं, पण आजच्या गिगाहर्ट्झमध्ये जाणवत नाही.

चालू झाल्यावर राहवलं नाही म्हणून फोल्डर उघडून पाहिलं. ग्रहांचं गणित खरंच नीट केलेलं दिसलं, मी दोन-तीन तारखांना पंचांगाशी ताडून बघितलं. भविष्य मात्र एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, राशी आणि स्थान धरून ओळ उचलायची, "विवाहास विलंब संभवतो" वगैरे. एकाच ओळीवर आलेले किती जण रामबागेत फिरत असतील! काकांना हे सांगितलं नाही.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. "सगळं छान आहे रे, पण पत्रिका फार पटकन येते. आधी जरा कुरकुर व्हायची, लोकांना वाटायचं काहीतरी चाललंय. आता एंटर मारला की हजर, समोरचा दक्षिणेला हात आखडता घेतो."

जुन्या शिडीत हे शक्यच नव्हतं, कारण तिथे आज्ञा खऱ्या प्रोसेसरवर खऱ्या वेगात धावायच्या. इथे वेग आपल्या हातात. म्हटलं काका, कंट्रोल धरून एफ११ दाबा, जितक्या वेळा दाबाल तितकं हळू होईल. आठ-दहा वेळा दाबलं म्हणे, आता बरोब्बर पूर्वीसारखं वाटतं.