मुंबईचा सिम्फनी वाद्यवृंद आणि पाहुण्या वादकांचा वाद : पार्श्वभूमी

नाव भारताचं आणि खुर्च्यांवर बहुसंख्य परदेशी, हा आक्षेप ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ या वाद्यवृंदाला २००६पासून, म्हणजे नरिमन पॉइंटला तो उभा राहिला तेव्हापासून चिकटलेला आहे. तो समजून घ्यायचा तर २००६च्या आधी शहरात काय उरलं होतं, ते पाहावं लागतं.

एका पारशी व्हायोलिनवादकाच्या पुढाकाराने १९३५मध्ये मुंबईत सिम्फनी वाद्यवृंद सुरू झाला होता. पुढे तो टिकला नाही. वादक मात्र शहरातच राहिले, कारण त्यांची चूल सिनेमावर पेटत होती. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकून आलेली ही मंडळी. अरेंजरने, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ते ठरवणाऱ्याने, लिहिलेला कागद स्टँडवर लागला की पहिल्याच नजरेत वाजवायची. एका स्टँडवर दोन व्हायोलिनं. पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा वादक हात काढणार, बाहेरचा वाजवत राहणार. सिम्फनीची ही शिस्त चाळीसेक वर्षं हिंदी गाण्यांच्या रेकॉर्डिंगने जगवली, आणि त्याचं श्रेय या वादकांना पुरेसं मिळालेलं नाही.

ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला. पाठोपाठ एकेकाने वेगवेगळं वाजवून ट्रॅक जोडायची पद्धत रुळली आणि मोठ्या तंतुवाद्यवृंदाची गरजच संपली. ज्या घरांत बापाने आयुष्यभर व्हायोलिन वाजवलं, तिथली मुलं दुसरीकडे वळली.

अशा वेळी संस्थापकांपुढे दोनच वाटा होत्या: स्थानिक वादक तयार होईपर्यंत थांबायचं, किंवा बाहेरून वादक आणून लगेच सुरुवात करायची. त्यांनी दुसरी निवडली. फेब्रुवारी आणि सप्टेंबर असे वर्षाला दोन सीझन, कायमस्वरूपी भारतीय वादक मोजके, बाकीचे कझाकस्तान आणि इतर देशांतून त्या काही आठवड्यांपुरते येणारे. टीकाकारांनी याला भाडोत्री वाद्यवृंद म्हटलं. हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. बसून (बॅसून) किंवा फ्रेंच हॉर्न या फुंकून वाजवायच्या वाद्यांचे वादक दोनचार लागतात, पण ते पक्के लागतात; त्यांच्यात एक कच्चा निघाला तरी अख्खी सिम्फनी कोसळते. असे वादक घडायला लहानपणापासूनची दहा-पंधरा वर्षं जातात, आणि शहरात ती शिकवणारेच उरले नव्हते.

खरी चूक क्रमाची झाली. मुलांना रशियन पद्धतीने शिकवणारी अकादमी २०१२मध्ये निघाली. ती पहिल्या सीझनबरोबरच सुरू झाली असती, तर सहा वर्षं वाचली असती.

मधल्या काळात काम वाढत गेलं. २०१५मध्ये तबला आणि वाद्यवृंदासाठी मुद्दाम लिहून घेतलेला कॉन्चेर्टो, म्हणजे एका मुख्य वाद्याला वाद्यवृंदाची साथ असलेली रचना, मुंबईत सादर झाला. २०१९च्या ब्रिटन दौऱ्यात तोच पुन्हा वाजला, तेव्हाही मंचावर परदेशी वादकच जास्त होते.