नखाला खाच पाडून रुतलेलं नख सुटत नाही

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर एक सल्ला फिरतो. अंगठ्याचं नख रुतलं की टोकाला मधोमध खाच पाडा, म्हणजे ती भरून काढायला नख आतल्या बाजूला ओढलं जातं आणि कडा आपोआप सुटतात. पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर १६०० मीटरचा सराव करणारी ही पोरं. पायात बूट थोरल्या भावाचे, नाहीतर एक नंबर लहान पण स्वस्तात मिळालेले. त्यात अंगठा पुढे आदळत राहतो, कडेचं मांस नखावर दाबलं जातं आणि आठ-पंधरा दिवसांत पोरगं लंगडायला लागतं. मग ब्लेड घेऊन खाच पाडणं सुरू होतं. हा सल्ला साफ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे समजलं की नख रुततं कसं तेही समजतं.

नखाचा आपल्याला दिसणारा कडक भाग मेलेला असतो. जिवंत कारखाना मागे, कातडीच्या घडीखाली आहे. त्याला नखाचं मूळ म्हणू. तिथल्या पेशी वाढतात, केराटिन नावाच्या प्रथिनाने भरतात, चपट्या होऊन मरतात आणि मागून येणाऱ्या पेशी त्यांना पुढे ढकलतात. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर सरकतं, हाताचं त्याच्या जवळपास दुप्पट. पायाचं अख्खं नख नव्याने यायला वर्ष-दीड वर्ष जातं. टोकाला खाच पडली हे मागच्या मुळाला कळणार कसं? मेलेल्या पापुद्र्यातून निरोप जात नाही. खाच तशीच पुढे सरकते आणि एक दिवस नखासोबत कापली जाते. रुतलेली कड जिथल्या तिथे.

खरा घोटाळा कोपऱ्यात होतो. अंगठ्याचं नख दोन्ही कडांना वळून कातडीच्या खोबणीत उतरलेलं असतं. कोपरा छान गोल व्हावा म्हणून आपण नेलकटर तिरपं करून आत घालतो, पण ते खोबणीच्या तळापर्यंत पोचत नाही. वरचा कोपरा निघतो आणि खाली, नजरेआड, एक अणकुचीदार कुसळ राहतं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत हे आणखी सहज घडतं. केराटिन पाणी शोषून घेतं, त्यामुळे भंडारा-गोंदियाकडे दिवसभर बांधीतल्या चिखलात राहिलेलं नख मऊ पडतं. संध्याकाळी पाय धुताना ते हातानेच ओढून तोडलं जातं, आणि सरळ न तुटता कडेने खाली फाटत जातं. कुसळ तयार. मग ते रोज सुमारे ०.०५ मिलिमीटर पुढे, म्हणजे मांसात, सरकत राहतं.

आता शरीर काय करतं पाहा. नख आपलंच, पण कातडी फोडून आत शिरलं की शरीराच्या लेखी ते बाभळीच्या काट्यासारखंच परकं. पांढऱ्या पेशी धावून येतात आणि प्रथिनं तोडणारी विकरं सोडतात. पण केराटिन तुटत नाही, कारण त्यात सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाची रेलचेल असते. शेजारच्या साखळ्यांमधल्या दोन सिस्टीनचे गंधकाचे अणू एकमेकांना घट्ट धरतात. त्याला डायसल्फाइड बंध म्हणतात. पोळ्याला आपण रंगवतो ती बैलाची शिंगं, त्याचे खूर, आपले केस, सगळी याच कुळातली. केस जळाल्यावर येणारा उग्र वास याच गंधकाचा. विकरांचा मारा कुसळावर वाया जातो आणि भोवतालचं मऊ मांस मात्र पोळून निघतं. ते सुजतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, हात लावताच रक्त येणारं लाल दाणेदार मांस वाढतं. सुजलेलं मांस कुसळावर आणखी दाबलं जातं. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी जंतू मरतील, पण कुसळ तिथेच राहील. म्हणून गोळ्या संपल्या की दुखणं परत येतं.

एक कळकळीची विनंती: बिब्बा लावू नका. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि आधीच फुटलेल्या कातडीतून जंतूंना मोकळी वाट मिळते. ‘नजर लागली’ म्हणून उतरवून टाकण्यात जाणारे आठ दिवसही महागात पडतात, विशेषतः शुगर असलेल्या माणसाला. त्याच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, त्यामुळे पू होईपर्यंत दुखतच नाही. अशा माणसाने घरी काहीही कोरू नये, सरळ दवाखाना गाठावा.

बाकीच्यांना, नुसती लाली आणि दुखणं असेल, पू नसेल, तर घरी करण्यासारखं आहे. सोसवेल इतक्या कोमट मिठाच्या पाण्यात १५-२० मिनिटं पाय ठेवायचा, दिवसातून दोन-तीनदा. मग पाय नीट पुसून, नख मऊ असतानाच, कापसाची बारीक वात कोपऱ्याखाली हलकेच सरकवायची, म्हणजे कड मांसावरून उचलली जाते. वात रोज बदलायची. नख कोपऱ्याच्या पुढे येईपर्यंत हे चालू ठेवावं लागतं, आणि दीड मिलिमीटरचा हिशोब लक्षात घेतला तर त्याला आठवडे लागणार. तोवर बूट बंद, पुढून मोकळी चप्पल. पुढे नख सरळ कापायचं, कोपरे बाहेर दिसतील इतकं ठेवून. बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी.

पू झाला, दाणेदार मांस वाढलं किंवा दुखणं वारंवार उलटलं, तर डॉक्टर बोटाच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन देऊन नखाची फक्त कडेची पट्टी काढतात. अख्खं नख उपटून उपयोग होत नाही. मूळ शाबूत असतं, तीच कड पुन्हा येते. म्हणून पट्टी काढल्यावर तिच्यामागचं तेवढंच मूळ फिनॉलने जाळतात. ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये जखमा सडू नयेत म्हणून वापरलेलं कार्बोलिक आम्ल ते हेच. इथे ते ८०-९० टक्क्यांच्या तीव्रतेचं लागतं. त्याने मुळातल्या पेशींची प्रथिनं गोठतात आणि त्या कडेला नख पुन्हा उगवण्याची शक्यता बरीच घटते. नख थोडं अरुंद होतं, एवढंच. घरातलं फरशी पुसायचं फिनाईल म्हणजे हे औषध नव्हे, ते जखमेवर ओतू नका.

फिनॉल लावल्यानंतर दोन ते चार आठवडे जखमेतून पातळ पाणी येत राहतं. तो पू नाही, मूळ जळाल्याची खूण आहे. रोज धुऊन कोरडी पट्टी बांधायची. पाणी घट्ट पिवळं झालं, ठणका वाढला किंवा लाली बोटावरून पावलाकडे चढायला लागली, तर मात्र त्याच दिवशी परत दाखवायचं.