टिटिकाका सरोवराकाठच्या प्राचीन वस्त्या

पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर अँडीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून साधारण ३,८१० मीटर उंचीवर हे सरोवर आहे. दक्षिणेकडचा विन्यायमार्का नावाचा भाग फार उथळ आहे, पाणी जरा खाली गेलं की काठ लांब सरकतो, त्यामुळे आज काठावर दिसणारं गाव तेव्हाही काठावरच होतं असं धरून चालत नाही आणि जुन्या काळातल्या काही वस्त्या आता पाण्याखाली असणार हे उघड आहे.

सगळ्यात आधी इथे शिकार करणारे, लामा-अल्पाका पाळू लागलेले लोक होते. पेरूच्या बाजूला हिस्कायरुमोको इथे सापडलेली सोन्याच्या मण्यांची माळ इ.स.पू. २००० च्या आसपासची मानतात. पुढे साधारण इ.स.पू. १५०० पासून तारको द्वीपकल्पावर चिरिपासारखी कायमची गावं दिसतात, नंतर उत्तरेत पुकारा आणि दक्षिणेत तिवानाकू ही मोठी केंद्रं झाली. तिवानाकूचा भरभराटीचा काळ ढोबळमानाने इ.स. ५०० ते १०००.

खरा वाद आहे तो गादीवाफ्यांचा. इथल्या केचुआ भाषेत त्यांना वारू वारू म्हणतात, आयमारा भाषेत सुका कोल्यू. दलदलीत चर खणायचे, ती माती मध्ये टाकून उंच वाफा करायचा, चरात पाणी राहतं. दिवसभर उन्हाने तापलेलं ते पाणी रात्री ऊब सोडतं आणि बटाटा, किनुआ गोठवणाऱ्या थंडीपासून वाचतो, इतक्या उंचीवर हा फरक फार मोठा आहे. १९६० च्या दशकातल्या पाहणीत असे अवशेष सुमारे ८२,००० हेक्टरवर असल्याचा अंदाज निघाला. आता हे बांधले कोणी? पुरातत्त्वज्ञ अॅलन कोलाटा म्हणतात की तिवानाकूजवळच्या कातारी खोऱ्यातलं हे काम तिवानाकूच्या राज्यसत्तेने वरून आखून करून घेतलं, नि ११०० च्या सुमाराच्या दीर्घ दुष्काळात वाफे कोरडे पडले म्हणून राज्यही कोसळलं. दुसरे पुरातत्त्वज्ञ क्लार्क एरिक्सन यांनी १९८० च्या दशकात उत्तरेकडे वाट्टा इथे गावकऱ्यांसोबत जुने वाफे पुन्हा बांधून पेरून दाखवले, आणि हे काम काही कुटुंबं नि गावकी मिळून करू शकतात, ते राज्याच्याही आधी सुरू झालेलं आहे असं मांडलं. सुरुवात गावकीची आणि दक्षिणेत नंतर राज्याचा हात, असं धरलं तर दोन्हीकडचे पुरावे जास्त नीट बसतात. दुष्काळ पडला हे क्वेलकाया हिमनदीच्या बर्फाच्या थरांवरून दिसतं, पण राज्य त्यानेच पडलं हे मात्र सगळ्यांना मान्य नाही.

तिवानाकूनंतर मोठं गाव राहिलंच नाही, लोक छोट्या वाड्यांत पांगले. डोंगरमाथ्यावरचे तटबंदीचे किल्ले, म्हणजे पुकारा (आधी आलेल्या पुकारा केंद्राचं नाव तेच, पण ही गोष्ट वेगळी), आधी लगेच त्या पडझडीशी जोडले जायचे, पण पुरातत्त्वज्ञ एलिझाबेथ आर्कुश यांच्या कार्बन कालमापनात उत्तरेकडचे बरेचसे किल्ले १३०० नंतरचे निघाले, म्हणजे मध्ये दोनेकशे वर्षं जातात.

१५ व्या शतकात इंका आल्यावर लोक पुन्हा खाली काठावर, चुकुइतोसारख्या ठिकाणी आले. इथल्या लुपाका लोकांची सविस्तर नोंद १५६७ च्या स्पॅनिश पाहणीत आहे, त्यात मका आणि कोका पिकवायला त्यांची माणसं दूरच्या खालच्या खोऱ्यांत वसलेली दिसतात.